बिनभात्याचा सूर

खाऱ्या हवेत पितळ फार दिवस खरं बोलत नाही. हार्मोनियमच्या, म्हणजे आमच्या पेटीच्या पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या असतात. भात्याची हवा त्यांच्यातून गेली की त्या थरथरतात आणि सूर निघतो. पट्टीचं टोक कानशीनं किंचित घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. सगळी विद्या एवढीच. घाटावर एकदा लावलेली पेटी वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. रत्नागिरीत एक पावसाळा गेला की पट्ट्या हिरव्या पडतात, भात्याचं कातडं मऊ होतं, आणि गेल्या वर्षीची गोड पेटी भजनात रडायला लागते. समुद्रानं बिघडवायचं आणि मी दुरुस्त करायचं, असा आमचा दोघांचा धंदा होता.

रामआळीत माझं दुकान होतं. पाटीवर 'रघुनाथ मेस्त्री, पेटी व फोनो दुरुस्ती' असं लिहिलेलं होतं, पण पाटी वाचून कुणी येत नसे. गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येत. मिऱ्यावरच्या मच्छीमारांचं एक भजनी मंडळ बोटीला गाठायला पडावातून निघालं होतं, तेव्हा त्यांची पेटी पाण्यात पडली. माझ्याकडे आली ती ओली गच्च. गोड्या पाण्यानं धुतली, भाताच्या तुसात वाळवली, कातडं बदललं. वाजायला लागली, पण तिचा वरचा निषाद दाबला की माशाचा वास यायचा. बुवा म्हणाले, "असू दे मेस्त्री, आमच्या मंडळींना कळायचा नाय." राजिवड्याची एक म्हातारी नवऱ्यानं आफ्रिकेतून आणलेला फोनो, म्हणजे ग्रामोफोन, घेऊन येई आणि दर वेळी एकच सांगे, यातली बाई हल्ली थकल्यासारखी गाते. स्प्रिंग सैल झालेली असे. मी ती आवळून देई आणि म्हातारी म्हणे, "जेवली वाटतं."

असल्या गमती सांगत बसलो तर अंक भरेल. पण संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा माझ्या डोक्यात एकच गिऱ्हाईक आलं, आणि तेच सांगायचं आहे. परवा माझा पुतण्या सांगत होता की युरोपात आता विजेपासून संगीत तयार करतात, त्यात तार नाही, फुंकर नाही, भाता नाही. त्याला वाटलं मी चकित होईन. मी त्याला म्हटलं, बाबा रे, ते आम्ही रत्नागिरीत ऐकून बसलोय.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आगेमागेची गोष्ट. शिमगा नुकताच संपला होता. राजिवड्याचा हसन सारंग दुकानात आला. तो परदेशी बोटीवर खलाशांचा मुकादम होता आणि सुट्टीत घरी येई तेव्हा माझ्याकडे एक चक्कर असायचीच. या वेळी त्याच्यामागे एक गोरा माणूस होता. उंच, जरा वाकलेला, एवढ्या उन्हात काळा कोट घातलेला. त्याच्यामागे हमालाच्या डोक्यावर मोठी लाकडी पेटी.

"मेस्त्री, पाव्हणा आणलाय," हसन म्हणाला. "इटलीतल्या त्रिएस्तेपासून मुंबईपर्यंत आमच्या बोटीवर व्हता. सुरांचा नाद हाय त्याला. ती वकिलांची पेटी तुझ्याकडंच हाय ना अजून?"

वकिलांच्या पेटीचं सांगायला हवं. आपल्या गाण्यात सप्तकात बारा नव्हे तर बावीस श्रुती मानतात. साध्या पेटीत बाराच सूर बसतात, आणि तेही विलायती हिशेबानं सारखे कातरलेले. म्हणून त्या काळी काही हौशी मंडळींनी बावीस श्रुतींच्या पेट्या बनवून घेतल्या होत्या. आमच्या गावातल्या एका वकिलांनीही एक करवून घेतली. ते वारल्यावर मुलानं ती दुरुस्तीला म्हणून माझ्याकडे ठेवली आणि न्यायला कुणी आलंच नाही. ही गोष्ट हसननं बोटीच्या डेकवर त्या माणसाला सांगितली होती, आणि तेवढ्यावर तो मुंबईत न रेंगाळता हसनबरोबर थेट रत्नागिरीला आला होता.

त्याचं नाव दुशान. आळीत दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला दुष्यंतसाहेब म्हणायला लागले. आडनाव त्यानं सांगितलं होतं, पण ते माझ्या जिभेला वळलं नाही आणि लक्षातही राहिलं नाही. देश सर्बिया, गाव बेलग्रेड. ते कुठं आलं हे मला ठाऊक नव्हतं. हसनला होतं. "मागलं म्हायुद्ध तिथूनच पेटलं न्हवं का," तो म्हणाला. दुशाननं मान हलवली आणि हसला, पण त्या हसण्यात मजा नव्हती.

माझं इंग्रजी चौथीपर्यंतचं, त्याचंही मोडकंतोडकं. त्यामुळे आमचं उलट बरं जमलं. दोघंही लहान वाक्यं बोलत असू.

त्यानं आणलेली पेटी उघडली तेव्हा मला आत भाता दिसेना, पट्ट्या दिसेनात. काचेचे दिव्यासारखे व्हॉल्व्ह, तांब्याच्या तारेची वेटोळी, आणि पुढच्या बाजूला एका लांब फळीवर ताणलेली एकच तार. त्या तारेवर बोट ठेवून दाबलं की कर्ण्यातून आवाज यायचा. डावीकडे बोट नेलं की सूर उतरे, उजवीकडे नेलं की चढे. तार स्वतः वाजत नसे. ती फक्त विजेला सांगे की कुठला सूर काढायचा. मला हे कळायला बरेच दिवस लागले, आणि खरं सांगायचं तर पूर्ण कळलं असं आजही म्हणवत नाही.

गावात वीज नव्हती. मोटार सर्व्हिसच्या अड्ड्यावर बॅटऱ्या भरायचं यंत्र होतं, तिथून बॅटरी भरून आणावी लागे. पहिल्या दिवशी आवाज निघाला तेव्हा समोरच्या वाण्यानं दुकानाची फळी लावून घेतली. आवाज कसा होता म्हणाल, तर एखादं माणूस ओठ मिटून गातंय आणि ते माणूस तिथं नाहीच, असा.

दुशानची अडचण अशी होती. या तारेवर वाटेल तो सूर काढता येई, पण नेमका कुठला काढायचा हे त्याला ठरवायचं होतं. पियानोचे बारा सूर त्याला नको होते. निसर्गानं दिलेले खरे सूर हवे होते आणि ते बावीस श्रुतींच्या पेटीत सापडतील असं त्याला वाटत होतं. आम्ही ती पेटी आणि त्याचं यंत्र शेजारी ठेवलं. दोन सूर जवळ आले पण मिळाले नाहीत की त्यांच्यात लाट उठते, व्वंऽ व्वंऽ असं ऐकू येतं. मिळाले की लाट शांत होते. त्या हिशेबानं आम्ही एकेक सूर जुळवत बसलो.

काम करता करता तो बोलायचा. युद्धात त्यांचं सैन्य हरलं तेव्हा सगळा मुलूख मागे सोडून लोक बर्फाच्या डोंगरांतून समुद्राकडे चालत गेले. दुशान तेव्हा शाळकरी पोर. बरोबर सैन्यातला थोरला भाऊ होता, तो डोंगरातच राहिला. त्यांच्याकडे म्हातारे लोक एका तारेचं वाद्य मांडीत घेऊन गजानं वाजवतात आणि जुन्या वीरांच्या लढाया गातात. लहानपणी दुशानला ते फार आवडायचं. युद्ध संपून घरी परतल्यावर ते त्याच्याच्यानं ऐकवेना.

"ती गाणी ऐकूनच माझा भाऊ लढायला गेला," तो म्हणाला.

मग बेलग्रेडमध्ये त्याच्यासारखेच काही तरुण जमले. त्यांनी एक मासिक काढलं. त्यात कविता असायच्या, पण अक्षरं आडवीतिडवी छापलेली, वाक्यांना धड शेवट नाही. संध्याकाळी सभागृह भाड्यानं घेऊन ते कार्यक्रम करत. कुणी टंकयंत्र बडवी, कुणी गिरणीचा भोंगा वाजवी, कुणी एकाच वेळी तीन भाषांत ओरडे. भिंतीवर सिनेमाचे तुकडे उलटसुलट जोडून दाखवत. प्रेक्षक शिव्या देत आणि पुढच्या वेळी पुन्हा येत. अखेर सरकारनं मासिक बंद केलं. मित्र पांगले. एक पॅरिसला गेला, एक सरकारी नोकरीत लागला आणि रस्त्यात भेटला तर ओळख दाखवीना. दुशान टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडायला लागला आणि तिथंच त्याला हे यंत्र सुचलं.

"ज्याला आजोबा नाही असा आवाज मला पाहिजे होता," तो म्हणाला.

मला त्याचं दुःख कळत होतं, पण त्यावर गिरणीचा भोंगा हा उपाय कसा, ते कळत नव्हतं. बंदरावर मुंबईला जाणाऱ्या आंब्याच्या पेट्यांना खिळे ठोकत, तिथं तो तासन्‌तास उभा राहायचा. दहा-बारा माणसं ठोकायला बसलेली असत, प्रत्येकाचा ठोका वेगळा. हे आमच्या बेलग्रेडच्या कार्यक्रमांपेक्षा चांगलं आहे, असं तो मला म्हणाला. ठोकणारे म्हणाले, साहेबाला ऊन लागलंय.

सूर जुळवताना एक दिवस गाडी अडली. कोमल गंधारावर यंत्र एक सांगत होतं आणि पेटी दुसरंच. यंत्राच्या बॅटरीचा जोर कमी झाला की त्याचा सूर सरके. आणि वकिलांच्या पेटीनं तर कित्येक पावसाळे खाल्लेले. खरं कोण, हे ठरवायला तिसरा कान हवा होता. माझा कान धंद्याचा. बारा सुरांपलीकडे गेलो की मला लाट ऐकू येई, पण कुठला सूर रागात शोभेल ते सांगता येत नसे.

तो कान गावात एकाच माणसाकडे होता, यमुनाबाईंकडे. त्या गोव्याकडच्या कलावंत घराण्यातल्या. ऐन उमेदीत मुंबईच्या बैठकी गाजवून त्या रत्नागिरीत घर बांधून राहिल्या होत्या आणि मुलींना शिकवत होत्या. मग घशात गाठ आली, कापून काढावी लागली, जीव वाचला पण आवाज गेला. बोलत ते अगदी कुजबुजून. ऐकायला जवळ वाकावं लागे. शिकवणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं होतं. "मींड गळ्यातून दाखवावी लागते, ती काय पोरींना तोंडी सांगू?" असं त्या म्हणत. एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं म्हणजे मींड. आमच्या पेटीला ते कधीच जमलेलं नाही, म्हणून बाई पेटीला लाकडाचं खोकं म्हणत. तरी मला मुलासारखं वागवत.

बैलगाडीत गवत घालून यंत्र त्यांच्या ओटीवर नेलं. दुशाननं कोटाची बटणं लावून नमस्कार केला. बाईंनी मला जवळ बोलावलं.

"रघू, हा कोण?"

"सर्बियाचा आहे बाई. विजेवर सूर काढतो."

"काढू दे."

दुशाननं तार दाबली. बाईंनी काही क्षण ऐकलं आणि हात वर केला.

"बंद कर रे. कुत्रं रडतंय."

मी ते इंग्रजीत सांगितलं नाही, पण दुशानला कळलं. तो लाल झाला. मग मी गंधाराचा तंटा सांगितला. बाईंनी दोन्हीकडचा सूर ऐकला, डोळे मिटले आणि दुशानला बोट सरकवायची खूण केली. आणखी खाली. आणखी थोडं खाली. तो पेटीच्याही खाली गेला आणि बाईंची मान डोलली. "हा मुलतानीचा," त्या कुजबुजल्या. "पण हा असा उभा राहत नाही. वरून येतो, टेकतो आणि जातो. तू त्याला खिळा मारून ठेवू बघतोयस."

मी जमेल तसं भाषांतर केलं. दुशाननं तारेवरचं बोट उचललं. मग खुर्चीवरून उठला आणि बाईंना बसायची खूण केली.

त्यांनी पदर खोचला आणि बसल्या. पहिला आवाज इतका भयंकर निघाला की कुंपणापलीकडून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं. पण बोट तारेवरून सरकलं आणि सूर न तुटता मागोमाग गेला, तेव्हा बाईंचं तोंड बदललं. त्यांनी तेच पुन्हा केलं. पुन्हा केलं. दुपारचं जेवण राहून गेलं.

त्या दिवसापासून यंत्र त्यांच्या ओटीवरच राहिलं. दुशान माझ्या घरी उतरला होता. माझी बायको त्याला उकड्या तांदळाची पेज आणि कुळथाची पिठी वाढी, तो मुकाट्यानं खाई आणि बाईंकडे जायला निघे. बाईंची तक्रार एकच होती.

"ह्याला श्वास नाही रघू. सूर आला की आला, धोंड्यासारखा. लहान होत नाही, मोठा होत नाही."

आवाज कमीजास्त करायला यंत्राला एक बटण होतं, पण ते फिरवायला दुसरा हात लागे आणि तरी तो फरक झटक्यानं होई. आम्ही तिघं त्यावर डोकं घालून बसलो. दुशान म्हणाला, कोळशाची पूड दाबली की तिच्यातून वीज जास्त जाते, सैल सोडली की कमी. टेलिफोनमध्ये हीच युक्ती असते. पण पूड भरायला अशी पिशवी पाहिजे की जी दाबली तर दबेल आणि सोडली की हळूच फुगेल. आता हे तर माझं काम. भात्याला लावतात ते मऊ मेंढीचं कातडं मी घेतलं, लहान उशीसारखी पिशवी शिवली. विजेरीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून आतला कोळसा बायकोनं खलबत्त्यात कुटून दिला. तो खलबत्ता पुढे तिनं मसाल्याला वापरला नाही. दुशाननं पिशवीला दोन तारा जोडल्या आणि बाईंच्या डाव्या हाताखाली ती ठेवली.

बाईंनी उजव्या हातानं सूर धरला आणि डावा हात हळू दाबला. सूर कुठूनतरी लांबून आला, भरला, आणि त्यांनी हात सैल सोडताच विरून गेला. मी आयुष्यभर भाते शिवले, पण माझ्या हातच्या कातड्यानं असा श्वास घेतलेला मी कधी ऐकला नव्हता. बाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "आता ठीक."

मग त्यांनी दारं लावून घेतली. रोज दुपारी वाजवत, पण ऐकायला दुशान, मी आणि हसन सोडून कुणाला येऊ देत नसत. "लोक यंत्र बघायला येतील, म्हातारीला बघायला येतील, गाणं ऐकायला कोण येणार," असं त्यांचं म्हणणं.

पण आवाजाला दार कुठलं? गावात बोलवा झाली की बाईंच्या घरी परका साहेब बिनतारी यंत्र चालवतो आणि समुद्रावरच्या बोटींशी बोलतो. दिवस सत्याग्रहाचे होते. सरकार पाल चुकचुकली तरी दचकत होतं. एक दिवस फौजदार दोन शिपाई घेऊन माझ्या दुकानात आले. ते साताऱ्याकडचे, जाडजूड, आवाज खर्जातला.

"मेस्त्री, त्या गोऱ्याचं यंत्र कुठं हाय? वरनं हुकूम आलाय. परवान्याबिगर बिनतारी यंत्र ठेवलं म्हणून माणूस आत जाईल."

"बिनतारी नाही साहेब, वाद्य आहे ते."

"वाद्य हाय का यंत्र, ते मी बघतो. उद्या दुपारी वाजवून दाखवा. वाजलं न्हाई तर त्याला घेऊन जातो."

मी धावत बाईंकडे गेलो. दुशानला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला. पोलिसांनी दार ठोठावणं त्याला नवीन नव्हतं. तो म्हणाला, मी वाजवतो. पण त्यालाही माहीत होतं की त्याच्या हातून जे निघतं ते कुणाला वाद्य वाटणार नाही. भोंगा वाटेल, इशारा वाटेल.

बाई ओटीवरच्या खांबाला टेकून बसल्या होत्या. त्यांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला.

"मी वाजवते," त्या म्हणाल्या.

"बाई, लोक जमतील," मी म्हटलं.

"जमू देत. माझ्या ओटीवरून पाहुण्याला बेड्या घालून नेलेलं मला चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी अंगणात शेणसडा घातला होता. हसननं बॅटरी भरून आणली. फौजदार खुर्चीवर बसले, शिपाई पायरीशी. आळीतली माणसं कुंपणापलीकडे, काही पोफळीच्या बागेत उभी. बाई हिरवं लुगडं नेसून आल्या. गळ्यावरचा व्रण त्या एरवी पदरानं झाकत, त्या दिवशी झाकला नव्हता.

फौजदारांनी आधी यंत्राभोवती फेरी मारली. "ही तार कुठं जाते?"

"कुठंच नाही," मी म्हटलं.

"मग बोलतं कुणाशी?"

दुशानला मी विचारलं. तो म्हणाला, "कुणाशीच नाही." तेही मी सांगितलं. फौजदारांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

बाईंनी मुलतानी धरला. दिवसाच्या चौथ्या प्रहरचा राग आहे तो, उन्हं कलायला लागतात तेव्हाचा. सुरुवातीला कुंपणाशी कुणीतरी हसलं. मग हसणारा गप्प झाला. बाईंचं बोट वरच्या सुरावरून निघून त्या गंधारावर येई, क्षणभर टेके आणि खाली षड्जाला जाई, आणि डावा हात त्या सगळ्याला श्वास देई. मी त्यांचं गाणं लहानपणी ऐकलं होतं. तो त्यांचा आवाज नव्हता. पण सूर घ्यायची, थांबायची, लाजून बाजूला होण्याची तऱ्हा त्यांचीच होती. गावातल्या जुन्या माणसांनी ती ओळखली. बागेत उभी असलेली एक म्हातारी डोळ्याला पदर लावून म्हणाली, "यमू गातेय गो."

दुशान ओटीच्या कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून बसला होता. नंतर मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला की त्याच्या गावचा म्हातारा त्या एका तारेवर मेलेल्यांसाठी गायचा, तेव्हा सूर असाच खाली उतरायचा. तो आपण विसरलो असं त्याला वाटलं होतं.

"म्हणजे आजोबा निघालाच," मी म्हटलं. तो पहिल्यांदा मोकळा हसला.

वाजवणं संपल्यावर फौजदार उठले. मग टोपी हातात घेऊन बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, वाद्य हाय हे. मी तसं लिहून कळवतो. ह्या माणसाला कुणी हात लावणार न्हाई." ते जरा थांबले. "पण यंत्र न्यावं लागंल. मुंबईहून तज्ज्ञ येऊन बघेपर्यंत ताब्यात ठेवायचा हुकूम हाय. आणि साहेबानं पावसाआधीची बोट धरावी."

हसन पुढे झाला तेव्हा बाईंनीच त्याला हातानं थांबवलं. फौजदारांनी मला विचारून यंत्र ताडपत्रीत गुंडाळलं, जमिनीला लागू नये म्हणून खाली फळ्या घालायला सांगितल्या. माणूस वाईट नव्हता.

दुशानला निरोप द्यायला आम्ही बंदरावर गेलो. वारा फिरला होता, पडाव हेलकावे खात होता. यंत्र सुटलं की मी तुझ्या पत्त्यावर पाठवीन, असं मी म्हणालो. तो नको म्हणाला. "ते बाईंचं आहे. माझ्याकडे असताना ते नुसतं यंत्र होतं." काळा कोट त्यानं माझ्या घरीच सोडला होता, उन्हानं त्याला शहाणं केलं होतं. त्यानंतर त्याची काही खबर लागली नाही. हसननं पुढे त्रिएस्तेला दोनदा चौकशी केली, कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात बेलग्रेडवर बॉम्ब पडल्याचं वर्तमानपत्रात आलं, तेव्हा माझ्या बायकोनं तो काळा कोट काढून उन्हात घातला.

मुंबईचा तज्ज्ञ त्या पावसाळ्यात आला नाही, नंतरही आला नाही. नवरात्र झाल्यावर फौजदारांनी स्वतःच्या सहीवर यंत्र सोडलं आणि माझ्या दुकानात पोचवलं. ताडपत्री सोडतानाच वास आला. आमचा पावसाळा फळ्या आणि ताडपत्री मानत नाही. तांब्याची वेटोळी हिरवी झाली होती, जोड सुटले होते, माझ्या हातची पिशवी बुरशीनं पांढरी. मी साफ केलं, जोडून पाहिलं, मोटारवाल्यांचा मिस्त्री आणून दाखवलं. कर्ण्यातून नुसती घरघर आली. पितळ असतं तर मी बोलतं केलं असतं. हे माझ्या हातातलं काम नव्हतं.

बाईंना सांगायचं जिवावर आलं होतं. त्यांनी पाऊसभर यंत्राचं नाव काढलं नव्हतं. शेवटी एका दुपारी गेलो. ओटीवर चढतो तर आतून मुलीचा आवाज आला, गाण्याचा. त्या घरात मुलीचा आवाज कित्येक वर्षांत कुणी ऐकला नव्हता.

बाई पाटावर बसल्या होत्या. समोर शेजारच्या घरातली एक मुलगी आणि तिची मैत्रीण. बाईंचं बोट जमिनीवरून सावकाश सरकत होतं, कुठे थबकत होतं, कुठे वळत होतं, आणि मुलगी त्या बोटाकडे बघत गात होती. डावा हात हवेत खाली गेला की ती आवाज भरी, वर आला की कमी करी. चुकली की बोट थांबे. बाई एक अक्षर बोलत नव्हत्या. मुलगी वरून उतरत गंधारापर्यंत आली, हुकली, परत वर गेली, परत आली, आणि टेकली. बोट चालू राहिलं.

मी दाराशीच बसलो. धडा संपल्यावर जवळ सरकून सांगितलं की यंत्र गेलं, आता ते वाजणार नाही.

बाईंनी ऐकून घेतलं. मुलींना पाणी पिऊन यायला पाठवलं.

"त्याची ती पुढची फळी शाबूत आहे?" त्यांनी विचारलं.

"फळी आहे. तारही आहे. पण बाई, त्यातून आवाज नाही निघायचा."

"आवाज पोरींकडे आहे. जमिनीवर बोट घासून माझी सालं निघतात. फळी तेवढी काढून आण."

दुसऱ्या दिवशी दुकानात फळीचे स्क्रू काढले. दुशाननं तारेखाली पेन्सिलीनं सगळ्या श्रुतींच्या खुणा केल्या होत्या, बारीक, नीटनेटक्या, पावसानं जराही न पुसलेल्या. त्या ठेवाव्या की नाही ते कळेना, म्हणून फळी तशीच नेऊन दाखवली. बाईंनी ती उजेडात धरली, खुणांवरून बोट फिरवलं आणि मला परत दिली.

"त्याचा हात चांगला होता," त्या म्हणाल्या. "पण पोरी ह्या खुणा बघून गातील रे, ऐकणार नाहीत. काढून टाक."

मी तिथंच ओटीवर बसून पॉलिशच्या कागदानं फळी घासली. आतल्या खोलीत मुलींनी तंबोरा लावायला घेतला होता.